स्टुडंट फिल्मसाठी सोलापुरात आउटडोअर लोकेशन शोधायचंय? रेकी स्टेप बाय स्टेप

कॉलेजच्या फिल्मची स्क्रिप्ट फायनल झाली की पहिलं काय होतंय तर ग्रुपवर फोटो पडायला लागतात. कोणी सिद्धेश्वर तलावाचा टाकतंय, कोणी भुईकोट किल्ल्याचा, कोणी इन्स्टावरनं उचललेला नळदुर्गच्या धबधब्याचा, आणि संध्याकाळपर्यंत लोकेशन "लॉक". असं लॉक करू नका राव. फोटोत आवाज नसतो, ऊन कुठनं येतंय ते कळत नाही आणि तिथला वॉचमन तर दिसतच नाही. ज्यांनी आधी कधी रेकी, म्हणजे शूटच्या आधी जागेवर जाऊन नीट बघून येणं, केलेली नाही, बजेट म्हणजे वर्गणी आहे आणि युनिट म्हणजे आठ-दहा पोरं-पोरी अन् चार टू-व्हीलर, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

स्टेप १: गाडी नंतर काढा, आधी स्क्रिप्ट घेऊन बसा

प्रत्येक आउटडोअर सीनपुढं चार गोष्टी लिहा: सीन कुठल्या वेळेचा आहे, डायलॉग आहे का, फ्रेममध्ये माणसं किती, आणि ती जागा नक्की कशासाठी पाहिजे. हे शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत. स्क्रिप्टमध्ये "नदीकाठ" आहे, पण तुम्हाला खरंच वाहतं पाणी लागतंय, की दोघांनी निवांत बोलावं अशी मोकळी जागा पाहिजे? मोकळीच जागा पाहिजे असंल तर भीमेपर्यंत कशाला जाताय, तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे की.

डायलॉगचे सीन आणि बिनडायलॉगचे सीन यांची यादी वेगळी करा. बिनडायलॉगचा सीन नवी पेठेच्या गर्दीत पण होतोय, आवाज मागनं टाकता येतो. डायलॉगच्या सीनला मात्र शांत जागा लागते आणि सोलापुरात शांत जागा ही देखण्या जागेपेक्षा अवघड गोष्ट आहे, त्याच्यावर पुढं येतोच.

अजून एक, लोकेशन सुटं सुटं निवडू नका. एक दिवस, एक परिसर. सामान बांधा, गाड्यांवर लादा, रस्ता चुका, परत उतरवा, यात एका शिफ्टिंगला दीड तास आरामात जातो आणि हिवाळ्याचा दिवस मुळात ११ तासांचा. म्हणून हिप्परग्यासारखी जागा भारी पडते, पाणी, काठावरची शेतं, हायवे, चहाची टपरी सगळं आसपासच, तीन सीन एका दिवसात निघतात.

स्टेप २: घरबसल्या छाननी

गूगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून बघा, रस्ता कुठपर्यंत जातो, झाडं कुठं आहेत, जवळ शाळा, खडी क्रशर, वीटभट्टी काय आहे का. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ असंल तर त्यात जुन्या तारखांचे फोटो दिसतात, एकच तलाव मे महिन्यात आणि ऑक्टोबरात किती वेगळा दिसतो ते कळतं. बाकी नेटवरच्या फोटोंची तारीख बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. होटगी रोडच्या साखर कारखान्याची ती उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, पण नेटवर अजून ती जुन्या फोटोंत ताठ उभी आहे.

जागांबद्दल थोडं माझं मत, पटलं तर घ्या.

भुईकोट किल्ला आणि शेजारचा सिद्धेश्वर तलाव सगळ्यांच्या डोक्यात पहिला येतो आणि म्हणूनच मी तो शेवटी धरतो. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याकडं आहे, मोबाइलवर फोटो काढताना कोणी काय म्हणत नाही पण ट्रायपॉड उघडला की परवानगीची गोष्ट सुरू होते. तलावाच्या बाजूला देवस्थान, तिथं कमिटीला विचारल्याशिवाय काही नाही. आणि जानेवारीत तर विसराच, संक्रांतीच्या आगेमागे गड्ड्याची यात्रा असते, होम मैदानावर पाळणे आणि स्टॉल लागलेले असतात, यात्रेवरच फिल्म करायची असंल तर गोष्ट वेगळी.

कुडलसंगमला, म्हणजे हत्तरसंग कुडलला, भीमा आणि सीना एकत्र येतात. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर. मराठीतला तारीख असलेला सगळ्यात जुना शिलालेख म्हणून ज्याचं नाव घेतात तो शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख तिथल्या मंदिरात आहे. जागा सुंदर आहे, गर्दी कमी असते, पण कोरीव दगडावर स्टँड टेकवणं, दगडाला टेप चिकटवणं, खांबावर पाय देऊन चढणं असलं काय करायचं नाही. मंगळवेढा तालुक्यातलं माचणूर पण बघून या, भीमेच्या काठावर किल्ला आणि खाली घाट, सकाळी लवकर गेलात तर मस्त.

नळदुर्गला जाणार असाल तर दोन गोष्टी. धबधबा बोरी नदीला पाणी आलं तरच वाहतो, फेब्रुवारीत जाऊन कोरडी भिंत बघून येऊ नका. आणि नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात आहे, सोलापूरच्या पोलिसांचं पत्र तिथं दाखवून उपयोग नाही.

माळरान पाहिजे म्हणून सगळे नान्नजचं नाव घेतात. ते माळढोकचं अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा घेऊन आत शिरायचंच नाही, आणि खरं सांगू का, परवानगी मिळत असली तरी मी म्हणंन सोडून द्या. गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात, आपली आठ-दहा जणं रिटेकवर रिटेक करत फिरली की काय होणार. तसलाच माळ अभयारण्याच्या बाहेर, बार्शी रोडला, तुळजापूर रोडला भरपूर आहे, गायरान असंल तर ग्रामपंचायतीत विचारायचं.

बंद पडलेल्या गिरण्यांचं सगळ्यांना वेड असतंय, मला पण आहे. पण कंपाउंडवरनं उडी मारून आत जायचं नाही. जुनी लाकडं, गंजलेले पत्रे, उघडे हौद, आणि काय झालं तर जवळ कोणी नसतं. बाहेरनं भिंत, गेट, गल्लीतनं दिसणारं धुराडं, एवढ्यात पण अख्खी गिरणी उभी करता येते.

स्टेप ३: सीनच्या वेळेलाच जा

ही स्टेप सोडली तर बाकी सगळं वाया. सीन सकाळी ८ चा असंल तर रेकी सकाळी ८ ला, सीन रविवारी शूट करणार असाल तर रेकी पण रविवारीच. कॉलेज सुटल्यावर ५ वाजता जाऊन "भारी आहे रे" म्हणून येणं ही रेकी नाही, ती सहल आहे.

ऊन कसं असतंय ते समजून घ्या. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य ६:५५ च्या आसपास उगवतो, ६ वाजायच्या आधी मावळतो आणि भर दुपारी पण साधारण ४९ अंशावरच असतो, दक्षिणेकडं कललेला, म्हणजे दुपारी १२ ला सुद्धा चेहऱ्यावर बऱ्यापैकी उजेड मिळतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, शिवाय ४२-४३ डिग्रीत कॅमेरा आणि मोबाइल तापून बंद पडतात ते वेगळंच. उन्हाळ्यात शूट करायचंच असंल तर सकाळी ९:३० पर्यंत आणि संध्याकाळी ५ नंतर, मधल्या वेळेत जेवा, झोपा.

दिशा पण बदलते. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडनं उगवतो आणि नैर्ऋत्येला मावळतो, मे-जूनमध्ये ईशान्य आणि वायव्य. म्हणजे जूनमध्ये जिथं पाण्यात सूर्य बुडताना बघितला, डिसेंबरात त्याच जागी उभं राहून तो पाण्यात बुडंलच असं नाही, बाजूच्या टॉवरमागं पण जाईल. सन सर्व्हेयर, फोटोपिल्स असली ॲप आहेत, शूटची तारीख टाकली की सूर्याचा रस्ता दाखवतात. ॲप नसंल तर हात लांब करून चार बोटं आडवी क्षितिज आणि सूर्याच्या मधे धरा, एक बोट म्हणजे अंदाजे १५ मिनिटं, चार बोटं मावत असतील तर मावळायला तासभर आहे. आणि तो सोनेरी उजेड जेमतेम अर्धा-पाऊण तास टिकतो, त्यात पाच पानांचा सीन होत नाही, दोन-तीन शॉट होतात.

जमीन पण तशीच बदलती. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, जानेवारीत हुरड्याच्या वेळेला ती माणसापेक्षा उंच असते आणि मार्चपर्यंत काढून झालेली असते. जानेवारीत बघितलेला हिरवागार पाठलागाचा सीन मार्चमध्ये शूट करायला गेलात तर नुसती धसकटं. म्हणून शेतकऱ्याला सरळ विचारा, "मामा, काढणी कधी?" नदीचं पण तसंच, भीमेला उजनीतनं पाणी सोडलं की भर उन्हाळ्यात कोरडं पात्र भरून वाहतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला केवढा पूर आला ते सगळ्यांनी बघितलंय. पात्रात उतरून शूट असंल तर आदल्या दिवशी गावात विचारल्याशिवाय उतरू नका.

स्टेप ४: डोळे झाका आणि ऐका

जागेवर गेल्यावर पहिली दहा मिनिटं कोणी फोटो काढायचे नाहीत, कोणी बोलायचं नाही. ज्या माइकनं शूट करणार त्यानंच आवाज रेकॉर्ड करा, कमीत कमी दोन मिनिटं, आणि घरी येऊन हेडफोन लावून ऐका. कानाला जे सवयीनं ऐकू येत नाही ते माइकला सगळं ऐकू येतं.

शहराच्या पूर्व भागातल्या गल्ल्या दिसायला काय जबरदस्त आहेत, अरुंद बोळ, दारात विड्या वळत बसलेल्या बायका, वाळत घातलेलं रंगीत सूत. पण यंत्रमागाची खटखट भिंतीतनं येते, एक कारखाना थांबला तरी शेजारचा चालूच असतो. तिथं डायलॉगचा सीन ठेवायचा असंल तर कारखान्यांना सुट्टी कुठल्या वारी असते ते तिथंच विचारा आणि त्या दिवशी परत जाऊन ऐका. नाहीतर सीनच असा लिहा की खटखट कथेचा भाग झाली पाहिजे, दोघं ओरडून बोलतायत, हे मला जास्त आवडतं.

गल्लीतल्या सीनसाठी अजून एक गोष्ट विचारायची, जी बाहेरगावच्या पोरांना सुचतच नाही: पाणी कधी येतं. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे काय नवीन नाही, पण ज्या दिवशी ते येतं त्या दिवशी गल्लीचं रूप बघा. दारादारात मोटर लावलेली, घूंऽऽ असा एकसुरी आवाज, निळे-हिरवे पाइप आडवे पसरलेले, घागरी, बॅरल, अंगणं धुतली जातायत, आणि कोणालाच तुमच्या फिल्मशी देणंघेणं नाही, आणि का असावं? त्या दिवशी ना साउंड मिळणार ना कंटिन्यूइटी, कारण पहिल्या शॉटला कोरडी असलेली फरशी तिसऱ्या शॉटला ओली. गल्लीतल्या एखाद्या काकूंना विचारा, टाइम सकट सांगतात.

गावाकडच्या रस्त्यावर हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, वर टेप फुल्ल, लांबनं येताना ऐकू येतो आणि गेल्यावर पण पाच मिनिटं ऐकू येत राहतो. गाळप हंगामात कारखान्याच्या वाटेवरचं लोकेशन डायलॉगसाठी घेऊच नका. माळावर वेगळाच ताप, वारा. माइकला केसाळ कव्हर पाहिजेच, नसंल तर माणसाच्या जवळ कपड्यात लपवलेला कॉलर माइक वापरा. आणि कॅलेंडर बघा, जयंत्या, मिरवणुका, लग्नसराई. सोलापुरात १४ एप्रिलच्या आसपास शहरात डायलॉगचा सीन लावणाऱ्याला माझा नमस्कार.

स्टेप ५: जागा कोणाची आहे ते शोधा

कॉलेजच्या लेटरहेडवर प्रिन्सिपल किंवा एचओडींच्या सहीचं पत्र, त्यात फिल्म विद्यार्थ्यांची आहे, धंद्यासाठी नाही, किती जण, कुठली तारीख, किती ते किती, आणि एका जबाबदार माणसाचा नंबर. याच्या भरपूर झेरॉक्स काढा. एक कॉपी हद्दीतल्या पोलीस ठाण्यात द्या आणि दुसऱ्या कॉपीवर आवकचा शिक्का मारून घ्या. शहरात पोलीस आयुक्तालय, गावाकडं ग्रामीण पोलीस, हद्द कोणाची ते आधी विचारा. सीनमध्ये मारामारी, खोटं पिस्तूल, कोयता किंवा पोलिसाची वर्दी असंल तर ते पत्रात स्पष्ट लिहायचंच, रस्त्यावरच्या माणसाला ते पिस्तूल प्लास्टिकचं आहे हे कसं कळणार? राज्याची शूटिंग परवानगीची ऑनलाइन एक खिडकी व्यवस्था पण आहे, महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची, सरकारी जागा घेणार असाल तर तिथं बघून ठेवा. आणि सरकारी परवानगी म्हटली की महिनाभर आधी सुरुवात करा, परीक्षेच्या तोंडावर नाही.

शेत घेणार असाल तर महाभूलेखच्या साइटवर गट नंबर टाकून सातबारा बघता येतो, फुकट. का बघायचा? तर शेतात काम करणारा माणूस मालक असंलच असं नाही, तो वाटेकरी पण असतो. सातबारावर तीन भावांची नावं असली की शांतपणे तिघांनाही विचारा. एकानं हो म्हटलं आणि दुसरा शूटच्या दिवशी बांधावर येऊन उभा राहिला की तुमच्या फिल्मपेक्षा मोठी फिल्म तिथं सुरू होते. तोंडी हो मिळालं तरी एका कागदावर दोन ओळी, तारीख, सही. पैशाचं आधीच बोला, आणि पिकाची नासाडी झाली तर भरून देऊ हे स्वतःहून म्हणा.

रेल्वेच्या रुळांचं काय सांगू, सगळ्यांना रुळावरनं चालत जाणारा हिरो पाहिजे असतोय. विनापरवाना रुळावर जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे इलेक्ट्रिक इंजिनची गाडी मागनं आली तर कळत पण नाही. फाटकाच्या अलीकडनं, लांबनं गाडी जाताना घ्या, बास.

ड्रोन असंल तर सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच यलो झोन असतो, म्हणजे एटीसीची (विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी लागते, आणि आपलं विमानतळ होटगी रोडला असल्यामुळं शहराचा बराच भाग त्यात येतो.

स्टेप ६: माणसं

रेकीला चार-पाच जण जाऊ नका, दोघं-तिघं बास, त्यात एक मुलगी असू द्या. पूर्व भागात जाताना तेलुगू बोलणारं कोणी आणि अक्कलकोटकडं जाताना कन्नड बोलणारं कोणी सोबत असलं की काम निम्मं होतंय. गाडी लावल्या लावल्या कॅमेरा काढू नका, आधी टपरीवर चहा घ्या, "काय, शूटिंग करालाव का?" हा प्रश्न येतोच, तेव्हा खरं सांगा, कॉलेजचं आहे, टीव्हीवर येणार नाही. टपरीवाल्याला सगळं माहीत असतं, कोण कटकट करतं, कुत्री कुठं आहेत, संध्याकाळनंतर कोण प्यायला बसतं. शेवटचं नीट ऐकायचं. संध्याकाळच्या सीनसाठी जागा घ्यायची का नाही हे त्याच्यावर ठरतं.

घरासमोर शूट करताना बायका-पोरं फ्रेममध्ये येत असतील तर विचारून घ्या. विड्या वळणाऱ्या बाईला गुपचूप झूम करून घेणं म्हणजे फिल्ममेकिंग नाही, भामटेपणा आहे.

स्टेप ७: वहीत काय लिहायचं

प्रत्येक जागेचं एक पान. मॅपचा पिन, उत्तर दिशा, कुठल्या वेळेला सावली कुठं, आवाज काय काय, परवानगी कोणाची आणि त्यांचा नंबर. मग बिनग्लॅमरचा भाग: बाथरूम कुठं (जवळ कोणाचं घर, हॉटेल, पेट्रोल पंप, आणि ते वापरू देतात का हे विचारून लिहा, मुली युनिटमध्ये असताना "बघू तिथं गेल्यावर" चालत नाही), पिण्याचं पाणी, सावली, चार्जिंग, पार्किंग, मोबाइलला रेंज, जवळचा दवाखाना, शेवटची एसटी किती वाजता. माळावर आणि ज्वारीत साप असतात, बूट घाला आणि सर्पदंशावर औषध मिळणारं सरकारी रुग्णालय जवळ कुठलं ते पण लिहा.

फोटो काढताना जागेचे नुसते फोटो काढू नका, एकाला तिथं उभं करा आणि कॅमेरा ज्या उंचीवर असणार तिथनं काढा. चारही दिशांचे काढा, कारण रिव्हर्स शॉटला, म्हणजे कॅमेरा उलट्या बाजूनं लावला की, पाठीमागचं सगळं दिसणार आहे, आणि ऐतिहासिक सीनच्या मागं महावितरणचा डीपी आणि जिओचा टॉवर नको. एक व्हिडिओ गोल फिरून. झालं.

प्रत्येक सीनला एक दुसरी जागा धरून ठेवा, पहिलीपासून जवळ असलेली.

स्टेप ८: परत एकदा, कॅमेऱ्यावाल्याला घेऊन

जागा ठरल्यावर डिरेक्टर, कॅमेरा आणि साउंड अशी तिघं परत जा आणि तिथंच शॉट ठरवा, मोबाइलवर दोन मित्रांना उभं करून सीन खोटा खोटा शूट करून बघा. यात कळतं की दोघांच्या मधे झाडाची फांदी येते, किंवा बांध इतका अरुंद आहे की ट्रायपॉडचे तिन्ही पाय मावत नाहीत. चेहऱ्यावर उजेड परतवायला पांढरा थर्माकोल डेकोरेशनच्या दुकानातनं आणून तिथं धरून बघा, वाऱ्यात टिकतो का. खाली बसायला, लो अँगलला लोळायला, आणि गाडीवर लेन्स गुंडाळायला घरातली जुनी सोलापुरी चादर घ्या, तिच्याइतकं कामाचं सामान भाड्यानं मिळत नाही.

शूटच्या आदल्या संध्याकाळी जागेच्या मालकाला, टपरीवाल्याला आणि गल्ली असंल तर त्या काकूंना एक फोन करा. "उद्या येतोय, काय अडचण नाही ना?" एवढंच. उद्या त्यांच्याकडं साखरपुडा आहे किंवा पाण्याचा दिवस बदललाय हे तेव्हाच कळतं, आणि धरून ठेवलेल्या दुसऱ्या जागेवाल्याला फोन करायला रात्र हातात असते.